गिळलेला अपमान आणि मेंथॉलचा थंडावा

दुकानात शिरल्यापासून पहारेकरी मागे मागे फिरतो. हॉटेलात आपल्यानंतर आलेल्यांच्या टेबलावर जेवण आधी येतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसाला असं काही ना काही आयुष्यभर सोसावं लागतं. तक्रार करावी, तर पुरावा काय देणार? मग घरी येऊन तो सिगारेट पेटवतो आणि लोक म्हणतात, व्यसनीच आहे. मला वाटतं, त्या सिगारेटच्या आधी त्याचा तो दिवस बघायला हवा.

अपमान मोजायचा कसा?

समाजशास्त्रज्ञ डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. लोक तुमच्याशी कमी आदराने वागतात का? तुम्हाला अक्कल कमी आहे, असं समजून बोलतात का? तुम्हाला घाबरल्यासारखं करतात का? उत्तर नुसतं हो-नाही असं द्यायचं नाही, किती वेळा ते सांगायचं. मला हीच यातली मोलाची गोष्ट वाटते. एकदाचा घाव भरून येतो, रोजचं खरचटणं भरत नाही.

१९८५-८६ पासून चार अमेरिकी शहरांतल्या पाच हजारांहून अधिक तरुण-तरुणींच्या प्रकृतीचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे. भेदभाव वारंवार सोसलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये तंबाखू आणि मद्याचं सेवन जास्त असल्याचं त्यात दिसलं. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो. कारण सिद्ध करणं अवघड असतं.

शरीर काय करतं?

अपमानाच्या क्षणी शरीर धोक्यात असल्यासारखं वागतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, छाती धडधडते. धोका टळला की हे सगळं शांत व्हायला हवं. पण उद्याही तेच घडणार, हे ठाऊक असलेलं शरीर सावधच राहतं. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. गोड-तेलकट खाण्यानेही जिवाला थोडा आराम पडतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांची मांडणी अशी, की या सवयी मनाला तात्पुरतं सावरतात आणि त्याची किंमत हृदय, रक्तवाहिन्या चुकवतात. जवळ समुपदेशक नाही, फिरायला सुरक्षित बाग नाही. कोपऱ्यावरचं सिगारेटचं दुकान मात्र रात्रीही उघडं. अशा वेळी माणूस हाताशी आहे तेच औषध घेतो.

हे औषध दारात आणलं कोणी?

मेंथॉल म्हणजे खोकल्याच्या गोळीतला तो थंडावा. सिगारेटमध्ये तो धुराचा खवखवाट झाकतो, त्यामुळे सुरुवात करणं सोपं जातं आणि सोडणं जड. १९५०च्या दशकात कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहातला एकही धड मेंथॉल ओढत नव्हता. आज दहातले आठ ओढतात. ही काही उपजत आवड नाही. ‘एबनी’सारख्या कृष्णवर्णीयांच्या मासिकांत जाहिराती आल्या. १९८०च्या दशकात ‘कूल’ या मेंथॉल सिगारेटच्या गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांत फिरून फुकट सिगारेटी वाटत होत्या. ज्यांना बाकी सगळीकडे मागे उभं केलं जायचं, त्यांच्या दारात ही एक वस्तू मात्र आपणहून आली, याची मला फार चीड येते.

धूम्रपान करणारे कृष्णवर्णीय गोऱ्यांपेक्षा सरासरी उशिरा सुरुवात करतात आणि दिवसाला कमी सिगारेटी ओढतात. तरी व्यसन सोडण्यात त्यांना कमी यश मिळतं.

बंदीचं काय झालं?

२००९च्या कायद्याने सिगारेटमधले फळांचे, मसाल्यांचे स्वाद बंद केले, मेंथॉल तेवढं वगळलं. २०२२ मध्ये त्यावरही बंदीचा प्रस्ताव आला. त्याला काही कृष्णवर्णीय नेत्यांनीच विरोध केला, आणि त्यांची भीती पोकळ नव्हती. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी एरिक गार्नर या कृष्णवर्णीय माणसाला धरलं, गळा आवळला आणि त्यात तो गेला. बंदी आली तर पोलिसांना आणखी एक निमित्त मिळेल, असं त्या नेत्यांना वाटत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियात मेंथॉल सिगारेटींची विक्री बंद आहे. बाकी बहुतेक राज्यांत मेंथॉलची हिरवी पाकिटं गल्ल्यामागे मांडलेली असतात.