उंबऱ्यावरचा वारा

बिस्किटांचा कारखाना असो की फरसाणाचा, उंदीर-माश्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच फवारणीवर येतं. उत्पादन विभागात फवारणी करायची वेळ आली, याचा अर्थ कीटक केव्हाच आत येऊन स्थिरावलेत. लढाई जिंकायची ती दारात. तिथे, चौकटीच्या वर, एक लांबट पेटी घोंघावत असते: एअर कर्टन. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि मला ते फार अन्यायाचं वाटतं.

रचना साधी आहे. पेटीत मोटर आणि पंखे. खालच्या अरुंद फटीतून हवेचा सलग झोत जमिनीपर्यंत येतो. माणूस, ट्रॉली, क्रेट त्यातून आरपार जातात, माशी मागे लोटली जाते. कल्पना शतकाहून जुनी आहे. फिरत्या दाराचं पेटंट १८८८ मध्ये घेणारे अमेरिकेतले थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनीच १९०४ मध्ये हवेच्या पडद्याचंही पेटंट घेतलं.

माशी अडवायची तर झोतात जोर हवा. मालाच्या दारासाठी रूढ निकष असा, की जमिनीपासून ३ फुटांवरही वेग मिनिटाला १६०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण ८ मीटर भरावा. झोत दाराच्या पूर्ण रुंदीला पुरावा आणि किंचित बाहेरच्या बाजूला कललेला असावा. उंच शटरवर ऑफिसच्या दाराची छोटी पेटी बसवली, तर डोक्याला वारा लागतो आणि कमरेखाली माश्यांना रस्ता मोकळा राहतो.

पेटी उत्तम असूनही पडदा फसतो, तो बहुधा एक्झॉस्टमुळे. तळणीच्या विभागातले मोठे पंखे गरम हवा बाहेर फेकतात. तेवढी ताजी हवा आत यायची सोय केलेली नसेल, तर ती दारातूनच ओढली जाते, पडदा आत वाकतो आणि माशी हवेबरोबर अलगद आत येते. पारख सोपी आहे. उंबऱ्याशी उदबत्ती धरायची. धूर आत वळला, तर आधी हवेचं गणित सुधारायचं. गाळून घेतलेली हवा आत सोडून विभागातला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवला, की अर्धं काम होतं.

उंदराला वाऱ्याची पर्वा नसते. त्याच्यासाठी फट मोजावी लागते. ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिल जेमतेम जाईल एवढी जागा, उंदराच्या पिल्लाला पुरते. नुसतं रबर तो कुरतडतो, म्हणून शटरखाली दाट ब्रश किंवा धातूची पट्टी लावतात. शटरचे दोन्ही कोपरे आणि भिंतीतून केबल जाते तिथली भोकं नेमकी विसरली जातात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीतलं परिशिष्ट ४ हेच सांगतं: भोकं आणि गटारं बंद ठेवा, नाहीतर जाळी बसवा.

झुरळ तर मालाबरोबर राजरोस येतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या नळ्यांत त्याची अंडी सुखरूप प्रवास करतात. म्हणून खोकी बाहेरच फोडून माल प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घ्यायचा.

आपल्याकडे खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या सरींनंतर होते. संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरं थव्यांनी उठतात आणि दिव्याकडे धावतात. तो दिवा डॉकच्या दारावर लावलेला असेल, तर त्यांना आपणच बोलावलं म्हणायचं. दिवा लांब खांबावर न्यावा, उजेड तिथून दाराकडे टाकावा, आणि तो पिवळसर असावा.

इतकं करूनही जे आत येतं, ते फ्लाय कॅचरच्या चिकट पॅडवर सापडतं. आतली नळी अतिनील उजेड देते. वर्षभरात त्याचा जोर घटतो, पण निळी झाक तशीच दिसत राहते, म्हणून नळी पावसाळ्याआधी बदलणं शहाणपणाचं. हे यंत्र बाहेरून दिसेल असं लावू नये, आणि उघड्या मालावर तर नाहीच. पॅड फेकण्याआधी मात्र वाचावं. घरमाश्या आणि पाखरं जास्त असतील, तर कुठलं तरी दार उघडं राहतंय. मोरीतल्या केसाळ बारीक माश्या असतील, तर त्या आतल्याच गटारात जन्मल्या आहेत. मग दाराला दोष देऊन उपयोग नाही, गटाराचा गाळ खरवडावा लागेल.

ऑडिटच्या दिवशी हे सगळं ठाकठीक असतं. एप्रिल-मेच्या दुपारी डॉकवर हमाल घामाने निथळत असतात, ट्रक खोळंबलेला असतो, आणि कुणीतरी दाराला वीट लावून ठेवतं. अशा वेळी त्यांच्यावर ओरडणाऱ्या व्यवस्थापनाबद्दल मला राग येतो. डॉकवर मोठे पंखे बसवा, पिण्याचं पाणी ठेवा, दार उघडताच एअर कर्टन आपोआप सुरू होईल असा स्विच जोडा. मग त्या विटेची कुणाला गरज पडणार नाही.