बक्षीस दुबईचे, शेत व्हिएतनामचे

संयुक्त अरब अमिरातीच्या सायबर गुन्हे कायद्यातले कलम ४४ या आठवड्यात येणार होते, ते आता पुढच्या अंकात. शारजातल्या एका वाचकाने मध्येच विचारलेला प्रश्न डावलून पुढे जाणे बरे नाही. पोज देऊन काढलेला फोटो म्हणजे गुन्हा नव्हे, हे गेल्या खेपेला ठरले. मग २०१९मध्ये दुबईच्या बक्षिसावर एवढा गदारोळ कशासाठी?

ते बक्षीस ‘हिपा’चे. शेख हमदान बिन मोहम्मद यांच्या नावाचा हा आंतरराष्ट्रीय छायाचित्र पुरस्कार २०११मध्ये सुरू झाला. २०१९च्या बक्षिसाचा विषय होता ‘आशा’. १ लाख २० हजार डॉलरचे, म्हणजे सुमारे ४ लाख ४० हजार दिरहमचे पहिले बक्षीस मलेशियाच्या एडविन ओंग वी की यांना मिळाले. चित्रात व्हिएतनाममधली एक आई आणि तिला बिलगलेली लेकरे.

निकालानंतर लवकरच दुसरा एक फोटो फिरू लागला. त्यात तीच आई होती आणि तिच्यासमोर कॅमेरे रोखलेल्या छायाचित्रकारांचा घोळका. ओंग यांनी सांगितले की आधी काहीच ठरलेले नव्हते. फोटो टूर वाटेत थांबली, तेव्हा बाई भातशेतातून चालल्या होत्या.

हे पूर्ण मान्य करू. घोळका पत्रकार परिषदेतही असतोच. अडचण आहे ती फोटोओळीत. बाईंना बोलण्याचा विकार असूनही त्यांनी आशा सोडलेली नाही, असे तिथे म्हटले होते. वाटेत ओझरत्या भेटलेल्या माणसाच्या मनातले हे कशावरून कळले? जिवंत व्यक्तीबद्दल असे विधान केले, की कलावंतालाही बातमीदाराचे नियम लागू होतात.

वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचा २०१५मधला निर्णय इथे आठवावा. छायाचित्रकार जोव्हानी ट्रॉइलो यांनी बेल्जियममधल्या शार्लरोआ शहरावर केलेल्या, बक्षीस मिळालेल्या मालिकेत नात्यातल्या माणसाला सांगून, मोटारीत फ्लॅश लावून काढलेला फोटो होता. शहराच्या महापौरांनी तक्रार केली, तरी संस्था बक्षिसावर ठाम राहिली. मग मालिकेतला एक फोटो शार्लरोआत नव्हे, ब्रुसेल्सच्या मोलेनबेक भागात काढल्याचे उघड झाले आणि बक्षीस रद्द झाले. मांडणी चालली, गावाचे खोटे नाव चालले नाही.

अर्थात खरी फोटोओळ लिहिली म्हणजे सगळे माफ, असेही नाही. छायाचित्रकार अलेस्सिओ मामो यांनी उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब गावकऱ्यांपुढे खोट्या अन्नाचे टेबल मांडून फोटो काढले. अन्न खोटे असल्याचे त्यांनी लपवले नव्हते. तरीही २०१८मध्ये लोक संतापले, आणि तो संताप योग्यच होता.

‘हिपा’ने चित्राबरोबर त्याची कहाणीही मिरवायची ठरवली, तर बक्षीस जाहीर करण्याआधी त्या कहाणीची शहानिशा केलीच पाहिजे.

पुढच्या अंकात कलम ४४. परवानगीवाचून काढलेल्या फोटोसाठी त्यात दीड लाख ते पाच लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. आखातातल्या वृत्तपत्रांसाठी कॅमेरा घेऊन फिरलेल्या वाचकांनी आपले अनुभव पुढच्या अंकाआधी जरूर कळवावेत.