दुरुस्ती झाली, पण पोहोचली का?

संगणकावर किंवा मोबाईलवर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी सूचना झळकली की आपल्यापैकी बहुतेक जण 'नंतर' या बटणावर बोट ठेवून मोकळे होतात. या सूचनेमागे अनेकदा, आपण ज्याचे नावही ऐकलेले नसते अशा एखाद्या लहानशा सॉफ्टवेअरमधील दोष दडलेला असतो. 'लिबएक्सएसएलटी' हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

एक्सएमएल या स्वरूपात माहिती साठवली जाते आणि ती कशी मांडायची हे एक्सएसएलटी या भाषेत लिहिलेली स्टाईलशीट सांगते. छापखान्यात मजकूर एकच असला तरी मथळा कोठे, रकाने किती, हे पानाचा आराखडा ठरवतो. तसाच हा प्रकार. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी या भाषेच्या पहिल्या आवृत्तीला मान्यता दिली. स्टाईलशीटमधील सूचना अमलात आणणारी लिबएक्सएसएलटी ही मुक्तस्रोत लायब्ररी डॅनियल वेयार यांनी 'ग्नोम' प्रकल्पासाठी सी भाषेत लिहिली. लिनक्सपासून क्रोम व सफारी या ब्राऊझरपर्यंत अनेकांनी तिचा आधार घेतला.

मार्च २०२५ मध्ये या लायब्ररीची १.१.४३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन दोष दूर करण्यात आले. सुरक्षादोषांच्या जागतिक नोंदवहीत त्यांचे क्रमांक सीव्हीई-२०२४-५५५४९ आणि सीव्हीई-२०२५-२४८५५ असे आहेत. दोहोंची तीव्रता १० पैकी ७.८ इतकी नोंदवली गेली.

हे दोन्ही दोष एकाच जातीचे होते. सी भाषेत स्मृतीतील जागा घेणे आणि परत करणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीच जबाबदारी असते. समजा, चाळीतील भाडेकरूने खोली सोडली, तेथे दुसरा राहावयास आला. पण पोस्टमन जुन्या पत्त्यावर विसंबून पहिल्याचीच पत्रे तेथे टाकत राहिला. नवा भाडेकरू लबाड असेल, तर तो ती पत्रे वाचेल आणि पहिल्याच्या नावाने उत्तरेही धाडील. परत केलेली स्मृती प्रोग्रॅम पुन्हा वापरू लागला की हेच घडते. मुद्दाम तशी रचलेली स्टाईलशीट प्रोग्रॅम बंद पाडू शकते, प्रसंगी त्याचा ताबाही मिळवू शकते.

आवृत्ती प्रसिद्ध झाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. डेबियन किंवा रेड हॅटसारखी लिनक्स वितरणे बहुधा जुनाच आवृत्तीक्रमांक कायम ठेवून त्यात फक्त दुरुस्ती बसवतात. त्यामुळे निव्वळ क्रमांक पाहून यंत्रणा सुरक्षित आहे की नाही हे ठरत नाही. वितरणाची सुरक्षासूचनाच पाहावी लागते. उलट, काही सॉफ्टवेअरच्या पोटात या लायब्ररीची स्वतंत्र प्रत असते. रुबी भाषेतील 'नोकोगिरी' हे त्यापैकी एक. १.१.४३ मधील दुरुस्ती त्याच्या १.१८.४ या आवृत्तीतून वापरकर्त्यांपर्यंत गेली. सर्व्हरवरील मूळ लायब्ररी बदलली तरी अशी आतली प्रत जुनीच राहू शकते.

या साखळीचे पहिले टोक कोणाच्या हाती असते? अनेक वर्षे ही लायब्ररी सांभाळणारे निक वेल्नहोफर यांनी २०२५ मध्ये ती जबाबदारी सोडली. सुरक्षादोषांच्या तक्रारी निस्तरण्यात दर आठवड्याला कित्येक तास जातात आणि विनावेतन काम करणाऱ्या स्वयंसेवकाला हे दीर्घकाळ झेपणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोष शोधणारे संशोधक पगारी, लायब्ररी फुकट वापरणाऱ्या कंपन्या धनाढ्य आणि दुरुस्ती करणारा मात्र एकटा, ही विषमता त्यातून उघड झाली. त्याच वर्षी गूगलने क्रोममधून एक्सएसएलटी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा बेत जाहीर केला. जुन्या सी कोडमधील सुरक्षेचा धोका हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यामुळे त्याज्य ठरत नाही. त्याचा कोड सर्वांना तपासता येतो, म्हणूनच असे दोष उजेडात येतात. मात्र ते वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या यंत्रणेत कोणकोणत्या लायब्रऱ्या आहेत याची यादी ठेवावी, परक्या स्टाईलशीट चालवू नयेत आणि ज्यांच्या श्रमावर आपला डोलारा उभा आहे, त्यांच्या कामाला पैशाचे व मनुष्यबळाचे पाठबळ द्यावे. सामान्य वापरकर्त्याच्या हाती एवढेच आहे की, ब्राऊझर आणि फोन अद्ययावत ठेवावा. कोणा अनोळखी स्वयंसेवकाने केलेली दुरुस्ती आपल्यापर्यंत पोहोचण्याआड येणारा शेवटचा अडथळा ते 'नंतर'चे बटणच असते.