‘ब्रेक’, उचल आणि ‘सारे घरचेच’

वाशीम जिल्ह्यात ‘एचआर मॅनेजर’ अशी पाटी लावलेली केबिन सहसा दिसत नाही. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ला अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात माणसं कामाला ठेवतात ती जिनिंग-प्रेसिंग, दाल मिल, सोयाबीनचे व्यापारी, पतसंस्था, खाजगी दवाखाने आणि शिक्षणसंस्था. तिथलं एचआर म्हणजे अकाउंटंट, हेडक्लार्क, नाहीतर मालकाचा नुकताच एमबीए होऊन आलेला पुतण्या. कामगार कायदा या मंडळींपर्यंत पोचतो तो ऐकीव, चहाच्या टपरीवरून किंवा शेजारच्या मिलच्या मुनीमाकडून. गंमत अशी की त्यातल्या बहुतेक गोष्टी साफ खोट्या नसतात. कलमाचा अर्धा भाग खरा असतो, आणि लक्षात राहतो तो नेमका मालकाच्या सोयीचा अर्धा.

सध्याची ताजी अफवा म्हणजे ‘जुने कायदे गेले, आता मोकळीक आहे.’ २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले, हे खरं. पण ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा, किमान वेतन यांतलं काहीच गेलेलं नाही, फक्त घर बदललं आहे. उलट किमान वेतन पूर्वी ठरावीक उद्योगांपुरतं होतं, ते आता सगळ्यांना लागू झालं. आणि लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा आणि वेठबिगारीचा १९७६चा कायदा तर या संहितांच्या बाहेरच आहेत.

जिनिंगपासून सुरुवात करू. ‘आमचं काम हंगामी, आम्हाला काही लागू नाही’ हे वाक्य कापसाच्या पट्ट्यात सगळीकडे ऐकू येतं. त्याला आधार आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत हंगामी कारखान्याची व्याख्या करताना कापसाच्या जिनिंगचं आणि प्रेसिंगचं नावच घेतलं आहे आणि असे कारखाने त्या योजनेतून वगळले आहेत. पण ही सूट एका योजनेपुरती आहे. किमान वेतन, यंत्रांची सुरक्षितता, महिलांच्या तक्रारी यांना हंगामाचा काही संबंध नाही. ग्रॅच्युइटीत तर हंगामी कामगाराचा वेगळा हिशेबच लिहून ठेवला आहे : प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचं वेतन. दिवाळीनंतर येऊन उन्हाळ्यात परत जाणारा माणूस दरवर्षी त्याच जिनमध्ये येत असेल, तर त्याची नोंद हंगामागणिक जपून ठेवायला हवी. बहुतेक ठिकाणी हंगाम संपला की हजेरीपटही रद्दीत जातो, आणि मग वाद झाला की मालकाकडे दाखवायला कागद नसतो.

बारमाही नोकराच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. समजा, दाल मिलमधल्या ऑपरेटरचं शेवटचं वेतन तेरा हजार. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे, त्यातले १५ दिवस दर वर्षामागे द्यायचे. १३,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे ७,५००. नोकरी ११ वर्षं ७ महिने झाली असेल तर वर्षं १२ धरायची, कारण सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात. झाले ९० हजार. ‘स्वतः राजीनामा दिला तर मिळत नाही’ हे चूक; पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही द्यावी लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अटही नाही, आणि नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला वर्षभरानंतरच हक्क मिळतो. शिवाय दहा माणसं एकदा झाली की पुढे आठच उरली तरी ही जबाबदारी सुटत नाही. शिक्षणसंस्थांतही एक जुना समज आहे की शिक्षकाला ग्रॅच्युइटी नसते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं होतं खरं, पण २००९च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७पासून शिक्षकांना हा हक्क मिळाला, आणि २०२२मध्ये त्याच न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. संस्थाचालकांना २००४ चांगलं लक्षात आहे.

आता ‘ब्रेक’. हा आपल्याकडचा खास शोध. हजेरीपट उघडला की दर काही महिन्यांनी दोन-तीन चौकोनांत लाल पेनानं ‘ब्रेक’ लिहिलेलं असतं. माणूस त्या दिवशीही गोदामात पोती मोजत असतो, फक्त कागदावर नसतो. समज असा की २४० दिवस भरू दिले नाहीत की तो परमनंट होत नाही. कामगारांचा समज याच्या उलट : २४० भरले की झालोच परमनंट. दोन्ही अर्धेच.

२४० दिवसांचा मूळ संबंध कपातीशी. आधीच्या बारा महिन्यांत इतके दिवस काम झालं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन दिल्याशिवाय कामगार कपात करता येत नाही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत मात्र २४० दिवसांनंतर तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती; ज्या कारखान्यांना ते आदेश लागू, तिथे कामगारांच्या म्हणण्याला आधार मिळायचा. नगरपरिषद, जिल्हा परिषद यांची गोष्ट वेगळी. २००६च्या उमादेवी प्रकरणात घटनापीठाने सांगितलं की नियमबाह्य भरती झालेला माणूस केवळ वर्षं काढली म्हणून सरकारी सेवेत कायम होत नाही.

मालकाच्या बाजूचा अर्धा अधिक महागात पडतो. रविवार आणि पगारी सुट्ट्याही २४०मध्ये मोजायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच सांगितलं. त्यामुळे लाल पेनाचे दोन-तीन चौकोन गणित बदलत नाहीत. आणि कायम कामगाराचे लाभ द्यायचे नाहीत या हेतूने वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा असल्याचं राज्याच्या १९७१च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे न्यायालयात तोच ‘ब्रेक’ मालकाच्या हेतूचा पुरावा होऊन उभा राहतो. एचआरवाल्याने लाल पेन हातात घेण्याआधी एवढं तरी मालकाच्या कानावर घालावं. नैतिकतेचं नाव काढायचं नसेल तर नफ्या-तोट्याच्या भाषेत सांगावं.

उचलीचं प्रकरण मला सगळ्यांत गंभीर वाटतं, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही चुकतंय असं वाटतच नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाताना किंवा गोदामातही आगाऊ रक्कम घेतली जाते आणि ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ हे तोंडी ठरतं. आगाऊ रक्कम देणं गुन्हा नाही. वेतनातून हप्त्याने कापणंही चालतं, पण सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाता येत नाही. मात्र त्या पैशांच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे कामाला जाण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर ती १९७६च्या कायद्यानुसार वेठबिगारी होऊ शकते. तसं ठरलं की उरलेली उचल फेडण्याची जबाबदारीच संपते. ‘त्यानं स्वखुशीने अंगठा दिला’ हा बचाव इथे टिकत नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं हे घटनेच्या २३व्या अनुच्छेदाखालचं सक्तीचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं होतं. भूक हीसुद्धा सक्तीच, असा त्या निकालाचा आशय. आणि ‘माणसं ठेकेदाराची, आपला संबंध नाही’ म्हणणाऱ्यांसाठी : ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं : ‘सारे घरचेच हायेत, कायले पायजे समिती?’ दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर दुप्पट, शिवाय परवाना जाऊ शकतो. एकूण दहा माणसं मोजायची, दहा बायका नव्हे. ही चूक फार होते. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर बाई जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. घरकाम करणारीलाही तो मार्ग मोकळा आहे.

समिती असते तिथेही ती पुष्कळदा फक्त भिंतीवर असते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारीच हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा, या प्रश्नांची जाण असलेला. मालकाची बायको अध्यक्ष आणि मेव्हणा बाहेरचा सदस्य, असली समिती पहिल्याच तक्रारीत उघडी पडते.

‘सिद्ध करता आलं नाही तर बाईवरच कारवाई’ ही भीती तर मुद्दाम पसरवली जाते. कायदा म्हणतो की केवळ पुरावा देता न येणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे. खोडसाळ हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. ‘पाच हजार देऊन मिटवू’ हेही चालत नाही. समझोता बाईनेच मागितला तर होतो, आणि पैसा हा त्याचा आधार असू शकत नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समितीला पटलं तर आणखी तीन महिने वाढतात. तिला लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम आहे.

पण घाईघाईने कुणाला तरी काढून टाकणं म्हणजेही न्याय नव्हे. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात १२ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली, कारण समितीने चौकशी उरकली होती आणि त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नव्हता. त्याच निकालात देशभर समित्याच नसल्याबद्दल न्यायालयाने कडक शब्द वापरले. एचआरने हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा.

बाकीचं थोडक्यात. प्रसूती रजा फक्त कायम नोकरीतल्या बायकांना, हे चूक : सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या महिलांनाही ती दिली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पुरतं. रजा २६ आठवड्यांची, हयात दोन मुलं असतील तर १२. नियुक्तिपत्र ‘मागितलं तर देऊ’ असं नसतं. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ते द्यावंच लागतं. राजीनाम्यानंतर शेवटचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला नव्हे, दोन कामाच्या दिवसांत.

बॉण्डबद्दल दोन टोकं आहेत : कुणी म्हणतं रद्दी कागद, कुणी म्हणतं तीन वर्षं हलूच शकत नाही. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. भरपाई वाजवी असेल तर वसूल होऊ शकते. पण पैसे मागणं वेगळं आणि पोराची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं कपाटात कुलूप लावून ठेवणं वेगळं. तो अधिकार बॉण्ड देत नाही.