काळ्या पाण्यांतील मासे व पोटखराब जमीन

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां नोंदवहींत "पोटखराब" हा शब्द मीं असंख्य वेळां लिहिला. ज्या जमिनीवर सारा बसत नाहीं ती निरुपयोगी, अशी आपणां सर्वांची समजूत असते. हीच समजूत सरकारची झाली म्हणजे काय घडतें, याचें एक परदेशांतील उदाहरण शेतकरी बंधूंपुढें ठेवितों.

सुमात्रा, बोर्निओ व मलाय द्वीपकल्प येथें सखल पाणथळ अरण्यें आहेत. तेथें झाडांचीं पानें, फांद्या व मुळें पाण्याखालीं पडून राहतात. हवा न मिळाल्यामुळें तीं पुरतीं कुजत नाहींत. हजारों वर्षांत त्यांचा जाड थर सांचला आहे. या थरास पीट म्हणतात. त्यांतील पाणी कोऱ्या चहासारखें दिसतें व अतिशय आम्ल असतें. शुद्ध पाण्याचा सामू ७, तर येथें कांहीं ठिकाणीं तो ३ च्या आसपास भरतो.

अशा पाण्यांत कोण जगणार, असें वाटेल. परंतु पेडोसिप्रिस नांवाचा पारदर्शक मासा तेथेंच राहतो. सुमात्रांतील त्याच्या एका जातीचें वर्णन २००६ सालीं प्रसिद्ध झालें. वयांत आलेली सर्वांत लहान मादी ७.९ मिलिमीटर, म्हणजे साळीच्या दाण्याएवढी, भरली. पॅरोस्फ्रोमेनस वंशाचे दीड इंची मासेही याच पाण्यांतले; त्यांचा नर पानांखालच्या पोकळींत अंडीं राखतो. यांच्या कित्येक जाती एका लहानशा मुलखापलीकडे आढळत नाहींत. तेथील अरण्य गेलें कीं ती जातही गेली.

बोर्निओच्या मध्य कालीमंतान प्रांतांत सुमारें १० लक्ष हेक्टर दलदलीचा मुलूख भातशेतीखालीं आणण्याचा हुकूम इंडोनेशियाच्या सरकारनें १९९५ सालीं काढला. ४,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. पाणी निघून गेलें, पीट वाळलें, जमीन खचली. १९९७ च्या अवर्षणांत ती पेटली. शेजारच्या देशांवर पसरलेल्या धुरांत तिचा मोठा वाटा होता. अपेक्षिलेलें भात पिकलें नाहीं, व १९९९ सालीं योजना सोडून द्यावी लागली.

याउलट मलेशियाच्या सेलांगोर राज्यांत उत्तरेकडील पीटचें अरण्य बरेंचसें उभें आहे. तें पावसाचें पाणी धरून ठेवतें व लगतच्या तांजुंग करांगच्या भातशेतीस त्याचा लाभ मिळतो. म्हणजे माशांचें घर तेंच शेतकऱ्याचें पाणी.

दाण्याएवढा मासा कोणाचें पोट भरणार नाहीं, हें खरें. परंतु तो जेथें जगतो तेथील पाणी अद्याप जागेवर आहे, एवढी खूण तो देतो. सारा नाहीं म्हणून मोल नाहीं असें नव्हे, हें उभ्या नोकरींत मला उमगलें नाहीं. यास्तव आपल्या शिवारांतील पाणथळ जागेंत चर खणण्यापूर्वीं तिच्यांत काय राहतें व तिचें पाणी कोणाच्या शेतास पोंचतें, हें प्रत्येकानें एकवार पाहावें, इतकीच विनंती.