कवटीपासून कोयनेपर्यंत

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३०च्या सुमारास बर्लिनहून पुण्याला परतल्या, त्या मानवी कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहून. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते. बाईंनी घेतलेली मापं गुरूच्या मताला साथ देईनात. बाईंनी ती तशीच मांडली.

१९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियाही आले. दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला उत्खनन केलं. पुढे समाजशास्त्र-मानवशास्त्र विभागाची धुरा बाईंकडेच राहिली. शिकवण्याची शिदोरी गावोगाव हिंडून जमवलेली. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' १९५३ साली आलं, त्यामागे हीच पायपीट आहे. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीणच. दक्षिणेत ती हक्काची नवरी. महाराष्ट्र मधोमध: इथे मामाची मुलगी करतात, पण आत्याची सहसा नाही. आपल्या घरात सर्रास ऐकलेली गोष्ट, पण तिचा देशाच्या नकाशावर अर्थ लावला बाईंनी.

जातीचंही तसंच. वरून 'कुंभार' म्हटलं की एक जात वाटते. पण कुणाचं चाक मोठं, कुणाचं लहान, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. म्हणजे एक जात फुटून पोटजाती झाल्या, हे गृहीतच तपासायला हवं. १९६८ साली मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना केली. एका नावाचे म्हणून एका मुळाचे, असं धरून चालायचं नाही, हा हट्ट तिथेही होताच.

मोजपट्टी बाजूला ठेवून त्या आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर पंढरीलाही चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या, हे त्यांना रोज बोचत राहिलं. मग मराठ्यांच्या पंगतीत जेवल्या, आणि ती माणसं अधिक मोकळी झाली. या वारीवरचा लेख ललित म्हणून वाचतात. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत नेमका क्षेत्राभ्यास आहे, कारण निरीक्षण करणारीचं अवघडलेपणही त्यात नोंदलेलं आहे.

अखेरीस त्या वळल्या धरणग्रस्तांकडे. कोयनेच्या पाण्याने उठवलेल्या माणसांची पाहणी त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह केली. अहवाल १९६९चा. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्टला, बाई गेल्या.