मूर्च्छा, मरण आणि कला

इच्छामरणाची कल्पना भारतीय मनाला परकी नाही. शरपंजरी पडलेल्या भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहिली आणि आपल्या मृत्यूची वेळ आपणच ठरविली. परंतु भीष्म शुद्धीवर होते, त्यांची वाणी शाबूत होती. ज्याची वाचाच हरपली, त्याची इच्छा कोणी सांगावयाची, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने तीव्र केला. कारण नळीवाटे दिलेले अन्न आणि श्वसनयंत्र यांच्या योगाने जाणीव हरपलेला देहही दीर्घकाळ जगविता येतो.

कलावंतांनी या प्रश्नातून काढलेली एक वाट म्हणजे मुक्याला वाचा देणे. डाल्टन ट्रंबो या अमेरिकन लेखकाच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ (१९३९) या कादंबरीतील सैनिक पहिल्या महायुद्धात हातपाय, डोळे, कान आणि जीभ गमावून बसतो. मन मात्र जागे असते. उशीवर डोके आपटून तो तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत बोलू लागतो; आपल्याला लोकांपुढे न्यावे, नाही तर मारून टाकावे, असे विनवितो. ट्रंबोनेच १९७१ साली या कथेचा चित्रपट केला; पुढे १९८८ साली मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या ‘वन’ या गीतात ती अवतरली. ‘गुजारिश’ (२०१०) या हिंदी चित्रपटातला गोव्याचा पंगू जादूगारही न्यायालयापुढे स्वतःच्या तोंडाने मरण मागतो.

जेथे अशी वाचा देता येत नाही, तेथे पडदा मूर्च्छेला निद्रेचे रूप देतो. १९७० ते २००४ या काळातील ३० चित्रपटांची एका वैद्यकीय नियतकालिकाने २००६ साली परीक्षा प्रसिद्ध केली. मूर्च्छेचे वास्तवाला धरून चित्रण केवळ दोहोंत आढळले. पडद्यावरचा रुग्ण डोळे उघडतो आणि लगेच आप्तांना ओळखतो. प्रत्यक्षात गाढ मूर्च्छा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यातून वाचलेला रुग्ण हळूहळू सावरतो, किंवा डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेत जातो. रुग्णालयातील कंटाळवाणे दिवस, नळ्या आणि नातलगांची ओढाताण ‘ऑक्टोबर’ (२०१८) या चित्रपटाने संयमाने दाखविली, हे त्याचे वेगळेपण होय.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच होत्या. त्यांच्यावर १९९८ साली पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी यांनी त्यांचे सक्तीचे अन्न थांबवावे, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला; त्यांना भरविणाऱ्या परिचारिकांना मात्र त्या जगावयास हव्या होत्या. करुणा दोन्ही पक्षी होती. अरुणा यांचा शब्द कोठेच नव्हता. २०११ साली न्यायालयाने शुश्रूषा करणाऱ्यांचा शब्द मानून अर्ज फेटाळला. त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवनरक्षक उपचार थांबविण्याची वाट मात्र मोकळी केली.

मार्च २०१८ मध्ये न्यायालयाने पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली. प्राणघातक औषध देण्यास मात्र कायद्याची संमती नाही. कादंबरीतल्या सैनिकाला लेखकाने बोलते केले. रुग्णशय्येवर ते काम या कागदाने काही अंशी होऊ शकते. तो लिहावयाचा मात्र वाणी आणि भान शाबूत असतानाच.